लाइटचे खाडे

घरोघरी कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडतात. जबलपूरला चेरीतालच्या आमच्या गल्लीतले एक काका लाइटचे खाडे मांडत. दिवे गेले की माणसं मेणबत्ती शोधतात, हे पेन शोधायचे. कधी गेली, कधी आली, सगळं त्या दिवसाच्या चौकोनात. राज्याची वाटणी होऊन वीजघरं छत्तीसगडात गेली, तेव्हापासून तर चौकोन पुरेनात. गल्लीने त्यांचं नावच खाडेकाका पाडलं.

काका उद्योगखात्यात होते. बाहेरच्या कंपन्यांना कारखान्यासाठी जमीन दाखवायची, हे काम. वर्षानुवर्षं दाखवली, घेतली कोणीच नाही. संध्याकाळी दमून येत आणि ओट्यावर बूट काढता काढता म्हणत, "अरे, परदेशी माणूस सवलतीला भुलत नाही. त्याला उद्याचा भरवसा पाहिजे. लाइट जाते तर जाऊ दे, पण वेळेवर गेली पाहिजे!" आम्ही पोरं खो खो हसायचो.

मी इंजिनिअर झालो, पुण्याची नोकरी हातात होती. काका म्हणाले, "काहून चालला रे इतक्या लांब? मोठी विदेशी कंपनी येऊन राहिली. दोन महिने थांब." आईला तेच हवं होतं. थांबलो, आणि पुण्याची जागा हातची गेली.

कंपनीची दोन माणसं आली. काकांनी कॅलेंडरची वर्षभराची पानं पिशवीत घेतली होती. लाइट रोज ठरल्या वेळीच जाते हे दाखवलं, की कंपनी त्या बेताने पाळ्या लावेल, असा त्यांचा हिशेब. पण जबलपुरात आलेला पाहुणा भेडाघाटचा धुआंधार धबधबा न पाहता परत गेलाय कधी? काकांचे साहेब म्हणाले, "भैया, पहले धुआंधार, फिर नाव, फिर खाना. ज़मीन कहाँ भागी जा रही है?" काकांनी दोनदा आठवण करून दिली, दोनदा त्यांना गप्प बसवलं गेलं. जमीन दिसली ती परतताना, दिवेलागणीला, गाडीच्या काचेतून. पाहुण्याने विचारलं, वीज किती तास असते? "चौबीस घंटे," साहेब म्हणाले. बाहेर मैलभर एक दिवा नव्हता. पिशवी काकांच्या मांडीवरच राहिली.

कंपनी पुण्याकडे गेली. दुसरी नोकरी शोधून तिच्यामागे मीही. स्टेशनवर काका म्हणाले, "मीच बोलायला पाहिजे होतं रे. पिशवी उघडायला काय लागत होतं?" खरं सांगतो, मला त्यांचा राग आला होता. पाया पडलो, पण तोंडदेखलं.

पुढे फोनवर त्यांचे दोनच प्रश्न असत. "लाइट आहे ना तिकडे?" आणि "दिवाळीला येऊन राहिला ना, मनोज?" मी "बघतो" म्हणायचो. सुट्टी नसायची, कधी असूनही कंटाळा यायचा.

काका गेले तेव्हा मात्र गेलो. जबलपुरात आता लाइट क्वचितच जाते. "तरी शेवटपर्यंत मांडत होते रे," काकू म्हणाल्या. मी भिंतीवरचं कॅलेंडर चाळलं. महिन्यामागून महिने कोरे. दिवाळीच्या चौकोनात तेवढं बारीक अक्षरात लिहिलं होतं, "मनोज, खाडा."

काकूंनी मागच्या वर्षांची कॅलेंडरं काढून दिली. मी ती उघडली नाहीत. मला माहीत होतं, किती खाडे आहेत ते.