न झालेली सभा

इतिहासाच्या सरांना मुलं पाठीमागे ‘करवत’ म्हणायची. जीभच तशी. शाळेत एआय वापरायचं ठरलं तेव्हा बाकीचे शिक्षक ‘काळाबरोबर जायला हवं’ म्हणत माना डोलवत बसले. हे एकटे टेबलावर हात आपटून म्हणाले, “माझ्या वर्गात हा फुकट्या नको!” मी शाळेचा कारकून; मला माणूस तिथेच आवडला.

पण रागाच्या भरात त्यांनी सापळा लावला. धड्यातल्या गिरणीच्या संपात कामगारांच्या सभा दोनच झाल्या होत्या. सरांनी घरून लिहून आणायला प्रश्न दिला, तिसऱ्या सभेत काय घडलं? एआय थापा मारणार, आणि थापा उतरवून आणणारा आयता हाती लागणार.

हाती लागली एकटी रंगाऱ्याची मुलगी. पानभर लिहिलं होतं. सरांनी भर वर्गात तिला चोर म्हटलं, आणि वार्षिक परीक्षेला बसू द्यायचं नाही असं मुख्याध्यापिका बाईंकडून ठरवून घेतलं. पोरीचं वर्ष बुडणार होतं.

बाप पोरीला घेऊन माझ्याकडे धावत आला. आम्ही तिघं बाईंच्या खोलीत गेलो. सरही तिथेच होते.

“कुठून उतरवलंस?” सरांनी विचारलं.

“आजोबांनी सांगितलं. ते होते त्या संपात. आधी म्हणाले, तिसरी सभा झालीच नाही. मग म्हणाले, सर विचारतायत म्हणजे झाली असणार, माझंच डोकं आता चालत नाही. रात्रभर आठवत बसले होते.”

“आणि बाकीच्या सगळ्यांनी ‘अशी सभा झाली नाही’ असं कसं बरं लिहिलं?”

“त्यांना एआयनेच सांगितलं, सर. आमच्याकडे मोबाईल एकच, तो बाबांबरोबर कामावर जातो.”

सरांचा चेहरा उतरला. बाई घाईघाईने म्हणाल्या, “बसू दे परीक्षेला. विषय इथेच मिटवू.”

“इथे कसा मिटेल? चोर वर्गात म्हटलंय मी,” सर म्हणाले.

ते तडक वर्गात गेले. “सभा मी रचली होती. चोरी हिने केली नाही. खोटं मी बोललो.” मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. सरांनी ऐकून घेतलं.

संध्याकाळी ते रंगाऱ्याच्या दारात उभे होते. “आजोबा, तिसरी सभा झालीच नव्हती. तुम्हाला बरोबर आठवत होतं.”

म्हातारा त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळत राहिला.

“मग मास्तर, मला माझ्याच घरात खुळा का ठरवलंत?”

आत या, असं कुणी म्हटलं नाही.