रुईचे डगले आणि मोहाखालचं अस्वल

आमच्या घराण्यानं आजवर कुणाला पाठ दाखवलेली नाही, असं थोरले दादा सांगत. कुणी समोर आलं होतं का, हे मात्र सांगत नसत.

मधल्या दादांचा ताप उतरला तर सातपुड्यातल्या देवीला पायी जाऊन लुगडं नेसवीन, असा मधल्या वहिनीनं नवस केला होता. ताप उतरला, मधले दादा अजून खाटेवरच होते. चैत्र लागला, डोंगरात मोहाची फुलं गळू लागली, आणि ती खायला झाडाखाली अस्वलं येतात. थोरल्या दादांनी ठरवलं, लुगडं आम्ही पुरुष नेऊ, वहिनी घरी राहील.

दूरदेशी कुठेशी लढाई पेटून तिथला कापूस अडल्यापासून विलायतेला आमचा कापूस हवा होता, आणि दादांना सगळ्या दुखण्यांवर सरकी काढलेली रुई हेच औषध वाटू लागलं होतं. त्यांनी अकोल्याच्या शिंप्याकडून रुई ठासून भरलेले दोन डगले शिवून आणले, एक त्यांना, एक मला. अस्वलाची नखं म्हणे रुईत अडकतात. चैत्रातल्या उन्हाचं काय, असं मी विचारलं. त्यांनी डगला माझ्या अंगावर चढवून बंद बांधले.

आमच्याकडे बाई थोरल्या दिराशी बोलत नाही. म्हणून वहिनी दाराआडून, दादांना नीट ऐकू जाईल अशी, माझ्याशी बोलली.

"भाऊजी, त्यायले सांगा, नवस म्या केला. देवीच्या पायरीले पाय माहेच लागतीन."

"तिले सांग, अस्वल उभं फाडते!" दादा माझ्याकडे पाहून गरजले.

"त्यायले इचारा, बाईमानूस पाहूनच फाडते काय? अन् भेव लागत असन तर घरी बसा म्हना. मी जाईन एकटी."

ओट्यावर बसलेल्या कोरकू वाटाड्यानं डगला चाचपून पाहिला आणि तो हसला. "पाटील, मानूस चुपचाप समोर आला का अस्वल बिथरते. जोरानं बोलत चाला, ते आपनच वाट सोडते."

दादा डगल्याची घडी घालू लागले. वहिनीनं तो होकार धरला.

निघायच्या दिवशी ती लुगड्याचं बोचकं घेऊन सगळ्यांच्या पुढे होती. माझा डगला मी पायथ्याशी सोडलेल्या सामानाच्या बैलगाडीत विसरलो. चढ लागताच वहिनी माझ्याशी बोलू लागली, खणखणीत. लग्नापासूनचं बारा वर्षांचं साठलेलं होतं, आणि सगळं "त्यायले सांगा" इथूनच सुरू होत होतं. मागे डगल्यात घाम गाळणाऱ्या दादांना तिला गप्प कर म्हणायचीही सोय नव्हती. रिवाजाप्रमाणे ती त्यांच्याशी बोलतच नव्हती.

देवीपर्यंत एकच अस्वल दिसलं. पाठमोरं.