कागदी हंसाखालचा रंग

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, नदीवर धुणं धुताना ज्या दोघींजवळ मी पोटातलं सगळं बोलते त्यांनाही नाही. तुम्हालाच का सांगते आहे? उद्या सकाळी मला हेच चार लोकांत बोलायचं आहे, आणि जीभ अजून रेटत नाही. एकदा कुणापुढे तरी बोलून झालं की उद्या अडखळणार नाही, असं वाटतं. म्हणून तुम्ही. बसा जरा.

गोष्ट मोटारीच्या रंगाची आहे. आता रंगाचं ते काय एवढं, असं म्हणाल. चार-पाच वर्षं मीही स्वतःला हेच म्हणत आले. रंगच तर होता, माणूस थोडाच मेला?

आमचे हे भाड्याची मोटार चालवतात. त्र्यंबकला जाणारे यात्रेकरू, कधी एखादी वरात. मोटार घेतली तेव्हाच जुनी होती. तिचे पोपडे निघत होते. ती रंगवली कादिरभाईंनी. त्यांनी जन्मभर टांगे रंगवलेले, आणि नाशकात मोटारी वाढल्या तसे ते मोटारी रंगवू लागलेले. आमच्याच पडवीत त्यांनी काम केलं. धूळ उडू नये म्हणून जमिनीवर पाणी शिंपडायचे, गोणपाटाचे पडदे सोडायचे आणि एकावर एक हात द्यायचे. काळाभोर रंग. शेवटी दोन्ही बाजूंनी आणि मागून, बोटाएवढ्या ब्रशाने, एक सोनेरी रेघ ओढली. रेघ ओढताना ते श्वास धरायचे. मी दाराआडून बघत असे आणि माझाही श्वास आपोआप धरला जाई. मोटार स्टँडवर गेली त्या दिवशी बाकीचे ड्रायव्हर गाड्या सोडून बघायला आले होते म्हणे.

मग माझ्या भावाचं लग्न निघालं, निफाडला. तोवर आमच्या भावकीत नवरा घोड्यावर मिरवायचा. मी हट्ट धरला की माझा भाऊ मोटारीतून मिरवणार, आणि मोटारही नुसती नाही, सजवलेली! गुलाबी कागदाचे हंस, बेगडी फुलं, पुढे दोन पोपट. हे म्हणाले, रंगाला काही झालं तर? मी म्हटलं, साफ करायची ती मी करीन, तुम्ही नुसती चालवा. फुलवाल्याने हंस खळीने चिकटवले, तर गावच्या वेशीपर्यंतच दोन गळून पडले. माझा असा संताप झाला! सुताराकडून सरस मागवला, तापवला आणि माझ्या हाताने एकेक हंस असा चिकटवला की वादळातही हलू नये. हललेही नाहीत. वरात झकास झाली. वऱ्हाडात माझी मान केवढी ताठ होती ती मलाच आठवते.

वैशाखातलं ऊन. वरात आटोपून आम्ही नाशकात परतलो तोवर सरस पत्र्यावर भाजून दगड झाला होता. कागद ओढला की वरचा पापुद्रा निघायचा, खालचा गुलाबी थर आणि सरसाचे पिवळे ओघळ तसेच. नखाने निघेना. कादिरभाई स्वतः बघायला आले. रागावतील असं वाटलं होतं, पण हसले. म्हणाले, “वहिनी, ह्याला घाई चालत नाय. कोमट पाण्याचा फडका ठेवायचा अन् विसरून जायचं. सुकला की परत ओला करायचा. सरस आपसूक फुगंल. राहिलंच तर गोडं तेल लावा. पन खरवडू नका, आपला शब्द ऱ्हाऊ द्या.”

मी मान डोलावली. आणि मनात काय म्हटलं? मनात म्हटलं, मला शिकवतात!

कारण — हे सांगायलाच हवं — मी भांडी घासण्यात पहिल्या नंबरची. माझ्या घंगाळात बघून यांनी दाढी केली आहे. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी माझ्या बाकी कशाचं नाही, पण पितळेचं कौतुक केलं होतं. डागाशी कसं वागायचं ते मला ठाऊक होतं. डागावर फडका ठेवून बसायचं? तो काय पाहुणा आहे?

हे जेवून पेट्रोलच्या सोयीला बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी त्र्यंबकचं गिऱ्हाईक होतं. मी फडका ठेवला, खरंच ठेवला, आणि चूल सारवून येईपर्यंत वाट बघितली. सरस तसाच होता. मग मी आत गेले, चिंच भिजवली, चुलीतली राख घेतली, नारळाचा काथ्या घेतला.

आलं ना लक्षात?

घासली. हंड्याला घासतात तशी मी मोटार घासली. पदर खोचून, दात आवळून. आणि काय सांगू, सरस निघाला! गुलाबी डाग निघाले. पाणी ओतलं तर पत्रा ओला होता तोवर लखलखत होता. मी गाणं गुणगुणत होते हो. शेवटचा एकच हंस उरला होता, मागे, खालच्या अंगाला. तिकडे वळले तोवर पुढचा भाग वाळला होता, म्हणून सहज नजर टाकली.

जिथे जिथे हंस होते तिथे तिथे पांढुरके, ओरखड्यांचे गोल. रंग मेला होता. आणि सोनेरी रेघ एकेका ठिकाणी वीतभर गायबच होती. मी पदराने पुसलं. पुन्हा पाणी ओतलं. ओली असली की बरी दिसायची, वाळली की पुन्हा तेच. असं किती वेळा केलं असेल! मग काथ्या, राख, चिंच सगळं परसात नेऊन टाकलं आणि हात धुतले.

हे आले. बघून मटकन ओट्यावर बसले. त्यांनी विचारलं, “अगं, काय केलंस?” आवाजात रागही नव्हता, नुसतं विचारलं. तेव्हा खरं बोलता आलं असतं. फार तर दोन दिवस बोलले असते, आणखी काय? पण मी म्हणाले, “पाण्याचा फडका फिरवला फक्त. कादिरभाई म्हणाले तसंच.”

त्यांचंच सांगणं मी त्यांच्यावर उलटवलं. नुसतं ‘मला माहीत नाही’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण नाही. मी तो माणूसच निवडला.

दुसऱ्या दिवशी यांनी कादिरभाईंना अंगणात बोलावलं. स्टँडवरचे दोघे-तिघे ड्रायव्हरही आले होते. इतकी वर्षं यांनी त्यांना ‘तुम्ही’ म्हटलेलं, त्या दिवशी ‘तू’वर आले. “तुझ्या रंगाला पाणीसुद्धा सोसत नाही,” असं सगळ्यांसमोर म्हणाले. कादिरभाई गाडीशी वाकले. पांढऱ्या गोलावरून अंगठा फिरवला. मग मडगार्डच्या सांध्यात नख घालून काहीतरी काढलं, बोटांत चोळलं. राख होती. राखेत काथ्याचा एक तंतू.

त्यांनी दाराकडे पाहिलं. मी दारात होते.

माझं नाव घेतलं नाही. मला वाटतं, परक्या घरच्या बाईला तिच्या नवऱ्यासमोर खोटं पाडायचं त्यांच्या जिवावर आलं असेल. बोटं धोतराला पुसली, म्हणाले, “रंग माझाच हाय, मालक. फिरून लावून देतो, मजुरी नको.” यांनी नको म्हटलं. आणि मी? मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. त्यांना चहा द्यायला मात्र बाहेर गेले नाही.

बोलणं स्टँडभर झालं. कादिरचा रंग पाण्याने जातो, असं जो तो म्हणू लागला. त्यांना मोटारी मिळेनाशा झाल्या, टांग्यांची कामंही आटली. वर्षाच्या आत त्यांनी बिऱ्हाड मनमाडला हलवलं. तिथे दुकानांच्या पाट्या रंगवतात, असं ऐकलं. ते गेल्याचं कळलं तेव्हा मला — लाज वाटते सांगायला — मला सुटल्यासारखं वाटलं.

मोटारीवर मग कुणीतरी वरवर काळं फासलं, गोल झाकले. मागे सामान बांधायला लोखंडी कठडा बसवला. वर्षं गेली.

काल हे जेवताना सहज म्हणाले, “कादिर परत आलाय म्हणे. लेक इथेच दिली आहे त्याची. उद्या-परवा स्टँडवर काम विचारायला येणार आहे. पण देणार कोण?”

आणि आज सकाळी लोहाराने तो गंजलेला कठडा काढून नेला. मी अंगण झाडत होते. कठड्याची पट्टी जिथे बसली होती तिथे पिवळट, कडक काहीतरी होतं, एका कडेला फिकट गुलाबी. माझा राहून गेलेला हंस. कठडा नेमका त्याच्यावर बसवला होता.

मी केरसुणी ठेवली. पाणी कोमट केलं, मऊ धोतराचा फडका भिजवून त्यावर ठेवला आणि खरंच विसरायला गेले. भाकऱ्या केल्या. फडका पुन्हा ओला केला. धुणं वाळत घातलं. पुन्हा ओला केला. दुपार कलली तेव्हा कडेला बोट लावलं, तर सरस सायीसारखा सरकला. गोड्या तेलाचं बोट फिरवलं. पुसलं. वाळू दिलं. या वेळी मुद्दाम पूर्ण वाळू दिलं.

काळाभोर रंग. जसा लावला तसा. आणि त्यातून जाणारी सोनेरी रेघ, कुठेही न तुटलेली. मी श्वास धरून बघत राहिले. मग रडले, पण ते फार नाही. खरं सांगू? मला आनंद झाला. इतक्या वर्षांत त्या मोटारीकडे बघून पहिल्यांदाच आनंद झाला, कारण आता नुसतं बोलायचं नव्हतं, दाखवायलाही काही होतं.

मघाशी यांना म्हटलं, उद्या मी तुमच्याबरोबर स्टँडवर येणार. कशाला, म्हणाले. म्हटलं, तिथेच सांगेन. पण नको म्हणाले नाहीत.

हे रागावतील. ड्रायव्हर हसतील. कादिरभाई कदाचित तोंड फिरवतील, आणि तो त्यांचा हक्क आहे. पण त्यांचा रंग कसा होता ते स्टँडवरचा प्रत्येक जण स्वतःच्या डोळ्यांनी बघेल, आणि त्यानंतर कुणी त्यांना काम नाकारलं तर त्याला दुसरं कारण शोधावं लागेल. एवढं तर उद्या नक्की होणार आहे.

ती जागा मी उघडीच ठेवली आहे. सगळे जमले की मी तिच्यावर बोट ठेवीन आणि म्हणेन, हा कादिरभाईंचा रंग. बाकीचा मी घासून घालवला, चिंचेने आणि राखेने, आणि नाव त्यांचं घेतलं.

बघा, आलं बोलता.