नवे कोरे जुने यंत्र

आमच्या शेजारचे रवींद्र दळवी ठाण्याच्या कारखान्यातून निवृत्त झाले, तेव्हा त्यांची बायको विनिता हिला वाटले होते, आता हे निदान भाजी आणतील. त्यांनी कॉम्प्युटर बांधायला घेतला.

तोही आजचा नव्हे. पन्नासएक वर्षांपूर्वीच्या एका यंत्राची नक्कल. सुटे भाग खोक्यातून येतात, ते आपण घरी जोडायचे. वर बारीक दिव्यांच्या रांगा, खाली खटक्यांची रांग. पडदा नाही, अक्षरे नाहीत. जुनी वस्तू लोक टाकून देतात, हे मला ठाऊक होते. तीच कोणी नव्याने करून विकते आणि शहाणीसुरती माणसे ती घेतात, हे मला दळवींमुळे कळले. त्यातून सगळे डोके चालवणारी चीप आजकालचीच, नखाएवढी, मागच्या बाजूला लपवलेली. बाकी नुसती रोषणाई.

"मग गणपतीतच लावा की," मी म्हटले.

"मावशी, तुम्हाला नाही कळायचं."

मला एवढे कळत होते की डोंबिवलीतल्या आमच्या घरांना आतली खोली एकच असते, आणि दळवींची ती खोली श्रावणापासून तारा, पक्कड आणि सोल्डरिंगच्या धुराने भरली होती. नवराबायको हॉलमध्ये झोपत. पंखा लावायचा नाही, भाग उडतात. केर काढायचा नाही, धूळ बसते. विनिता दारातून चहा द्यायची, तर म्हणत, "लांबून. वाफ लागते बोर्डाला."

हे वेड कुठले, तर काचेचे. कारखान्यात दळवी इलेक्ट्रिशियन होते. तिथली कॉम्प्युटरची खोली काचेची, गारेगार, आणि आत फक्त पांढऱ्या कोटातले साहेब. दळवी बाहेरच्या पॅनेलवर काम करत आणि काचेतून दिव्यांची उघडझाप बघत. त्या खटक्यांना एकदा हात लावायचा राहिला, हे त्यांनी मला कितीदा तरी ऐकवले. माणूस तरुणपणी एका काचेवर रुसतो आणि म्हातारपणी त्याची भरपाई बायकोकडून घेतो.

भाद्रपदात त्यांची मुलगी कृतिका हिच्या बाळंतपणाचे ठरले. सासर कळव्याला, पहिलटकरीण, दसऱ्यानंतर माहेरी येणार. विनिताने खोली मागितली. दळवी म्हणाले, ऐन कामात बोर्ड हलवला तर सगळे बिघडेल. तेव्हा विनिताने माझ्यासमोरच सांगितले, "खंडेनवमीला हे दिवे लागले नाहीत तर सगळं माळ्यावर. खोली कृतिकाची."

"आणि लागले तर?"

"तर पोरीचा पलंग हॉलमध्ये टाकते. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायात."

यावर लाज वाटून माणसाने तिथल्या तिथे माघार घ्यावी. दळवी म्हणाले, "ठरलं."

खंडेनवमीला मला बोलावणे आले. कृतिकाही दिवसभरासाठी आली होती. यंत्र हॉलमधल्या टेबलावर मांडले होते. खोका अजून केला नव्हता, हिरवा बोर्ड उघडाच.

"बाबा, हे करतं काय?"

"आकडे मिळवतं. दोन आणि तीन दिले की पाच दाखवतं."

"आणि पाच आले, हे आपल्याला कसं कळणार?"

"दिवे वाचायचे."

"म्हणजे बेरीज आपणच करायची," कृतिका म्हणाली आणि सोफ्यावर पाय वर घेऊन बसली.

दळवींनी तबक मागितले. नोकरीभर प्रत्येक खंडेनवमीला त्यांनी कारखान्यातल्या मोटारी आणि पॅनेल पुजले होते. सगळी लोखंडी, रंग दिलेली, वर बादलीभर पाणी ओता, काही होत नाही. तोच हात याही दिवशी चालला. फुलाने पाणी शिंपडले. ओल्या बोटाने हळद लावली, कुंकू लावले, वर अक्षता. चहाची वाफही लागू न देणारा माणूस उघड्या बोर्डावर पाणी शिंपडत होता, आणि चेहऱ्यावर कोण भक्तिभाव. मग नमस्कार करून त्यांनी खटका दाबला.

सगळे दिवे एकदम लागले. चट् असा आवाज झाला, जळका वास आला, आणि सगळे एकदम गेले.

दळवींनी वाकून पाहिले. कुंकवाचा ओघळ खटक्यांच्या खाली उतरला होता. त्यांनी तो बोटाने पुसायचा प्रयत्न केला, तर आणखी पसरला.

"पूजा कोणी केली ते मी पाहिलं, हे बरं झालं," मी म्हटले. "नाहीतर विनितावर आलं असतं."

विनिता हसली नाही. ती म्हणाली, "काल संध्याकाळी लागले होते. यांनी दार लोटून घेतलं होतं, मी फटीतून बघितलं. सगळे एकामागून एक लागत होते. आणि हे खटके वरखाली करत होते."

मला तिचा रागच आला. जिंकलेली खोली ती स्वतःच्या तोंडाने परत देत होती.

दळवींनी बायकोकडे पाहिले. "तू बघितलंस?"

"बघितलं."

त्यांनी बोटाचे कुंकू रुमालाला पुसले. मग म्हणाले, "अट आजची होती." आणि तबक बाजूला सारून स्क्रू काढायला बसले.

"राहू द्या आता, उद्या काढा," विनिता म्हणाली.

"उद्या दसरा. गादी उन्हात टाकायला हवी."

यंत्र माळ्यावर गेले, कुंकवासकट. शिडी विनिताने धरली. मग दळवींनी आतल्या खोलीची खिडकी उघडली, पंखा पूर्ण वेगाने लावला आणि मला विचारले, बाळंतिणीचा पलंग कोणत्या भिंतीला लावतात. मी सांगितले. त्यांनी तो भलत्याच भिंतीला लावला.