झुब्यांचा जबाब

मी ऑनलाइन एम.ए. करतेय आणि विषय गुन्हेगारीशास्त्र आहे, हे ऐकून नवरा म्हणाला, "कावून? शिवणकामाचा कोर्स न्हवता का?" मी म्हटलं, "होता. पण त्यात तुम्हाला आत टाकता येत नाही." तेव्हापासून तो त्या विषयावर बोलत नाही. आमच्या तेलगावच्या घरात रेंज फक्त गच्चीवर, त्यामुळे माझं कॉलेज पाण्याच्या टाकीशेजारी भरतं.

दुसऱ्या सत्रात असाइनमेंट आली. खऱ्या घटनेच्या साक्षीदाराचा जबाब घ्यायचा, रेकॉर्डिंग पाठवायचं. "त्या दिवशी काय झालं ते सांगा" एवढंच विचारायचं आणि तोंड बंद ठेवायचं. मधे बोललात की मार्क कापणार.

घटना शोधायची गरजच नव्हती. माझं लग्न झालं त्याच वर्षी सासूबाईंचे सोन्याचे झुबे गेले आणि आळ आला नव्या सुनेवर. तोंडावर कुणी बोललं नाही. पण मी कुणाच्या घरात पाऊल टाकलं की कपाटाची किल्ली हळूच कमरेला जायची. सात वर्षं मी हे गिळलं, आणि खोटं कशाला बोलू, फार जिव्हारी लागायचं.

"आत्याबाई, अभ्यासाला पाहिजे. झुबे गेले त्या दिवशी काय झालं ते सांगा," मी सासूबाईंना म्हटलं आणि फोन समोर ठेवला. त्यांनी आधी पदर सारखा केला, फोटो निघणार असल्यासारखा. मग सुरू झाल्या. नारायणगडाच्या जत्रेला निघाल्या होत्या, गर्दीत कुणी कान ओढील म्हणून झुबे काढले. मग जीप, जीपवाल्याशी भांडण, वाटेत खाल्लेल्या भाकरी. एरवी दोन वाक्यं झाली की सासरे "बरं बरं" म्हणून त्यांना गप्प करतात. मी मात्र मार्कांसाठी ओठ दाबून बसले होते. त्या थांबल्या. मीही गप्प. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"कुरडयांच्या डब्यात ठिवलते," त्या खाली बघत म्हणाल्या. "इसरूनच गेले. सणाला डबा काढला तवा सापडले. पर तवर गल्लीभर तुझं नाव सांगून झालतं. कोणत्या तोंडानं सांगू?"

"सात वर्षं, आत्याबाई?" मी बोललेच, आणि रडलेही. रेकॉर्डिंग तिथंच बाद झालं.

त्या उठल्या, पेटीच्या तळातून एक पुरचुंडी काढली आणि झुबे कानात घातले. "चल," म्हणाल्या. शेजारच्या काकूंना त्यांनी माझं नाव सगळ्यांच्या आधी सांगितलं होतं. थेट त्यांच्याच ओट्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

"हे बघ. घरातच होते. पोरीचा काय बी दोष न्हवता, माझाच होता."

काकू त्यांच्या कानांकडे बघतच राहिल्या. मग आत गेल्या आणि चहा ठेवला. मी त्यांच्या स्वयंपाकघरात कप आणायला गेले. कपाटाला किल्ली तशीच लटकत होती.