चौथ्या घोड्याकडे बघणारे मामा

जगात कुणी काही मनापासून करतं, यावर माझ्या बायकोच्या मामांचा अजिबात विश्वास नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. मामा कुणाच्या अध्यात-मध्यात नाहीत, कुणाकडे काही मागत नाहीत, आणि आमच्या लग्नात माणसं कमी पडली तेव्हा पँट वर दुमडून पंगतीत मठ्ठा वाढायला उतरणारे ते एकटेच होते. फक्त वाढता वाढता ते माझ्याजवळ थांबले आणि पलीकडच्या वाढप्याकडे बोट न दाखवता, नुसत्या भुवईने दाखवून म्हणाले, "जावईबापू, तो माणूस वाकतोय, पण ओगराळं बुडवत नाहीये." मी बघितलं. खरंच बुडवत नव्हता. मग परत बघितलं तर बुडवत असावा असं वाटलं. अंतरपाट दूर होऊन तासही झाला नव्हता आणि मी बायकोचं तोंड बघायचं सोडून ओगराळं बघत होतो. त्या दिवशी माझ्या डोक्यात जो गोंधळ सुरू झाला तो अजून मिटलेला नाही.

मामांनी सगळी नोकरी खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात काढली, तीही तपासणी खात्यात. समोर येणारा प्रत्येक नग हातात घ्यायचा, फिरवायचा आणि किंचित शंका आली की बाजूला ठेवायचा. तिथे शंकेला पुरावा लागत नसे, कारण चुकीचा नग पास झाला तर पुढे कुणाचा तरी हात जायचा. माझी बायको म्हणते, "मामा रिटायर झाले, मामांचा डोळा कुठे रिटायर झाला?" ते बसमध्ये बसले की ड्रायव्हरच्या पायाकडे बघतात आणि हिरवा दिवा असताना गाडी रेंगाळली की शेजारच्या अनोळखी माणसाला सांगतात, "बघा, याला लालच पाहिजे होता." वरातीत त्यांनी एकदा बँडवाल्यांपैकी तिसऱ्या क्लॅरिनेटवाल्याला पकडलं. तो म्हणे नुसते गाल फुगवत होता. मामा त्याच्या बाजूने कान लावून अर्धा फर्लांग चालले, वरातीतल्या बायकांना वाटलं मामांना गाणं फार आवडलंय. शेवटी तो बिचारा घाबरून इतक्या जोरात वाजवायला लागला की घोड्यावरचा नवरदेव दचकला.

माझ्या मुलीच्या शाळेत लिंबू-चमच्याची शर्यत होती, त्यात ती दुसरी आली. आम्ही टाळ्या वाजवतोय तोवर मामांनी निकाल दिला, "पोरीने शेवटी पाय आखडला." मुलगी सात वर्षांची, पण आईवर गेलेली. ती म्हणाली, "आजोबा, माझ्या सँडलचा पट्टा तुटला." मामांनी तिथेच मैदानात उकिडवं बसून सँडल हातात घेतली, पट्टा ओढून पाहिला, उन्हात धरला आणि गंभीरपणे म्हणाले, "बरोबर आहे. हिचा दोष नाही. शिवण कच्ची." मग घरी जाऊन त्यांनी ती सँडल दाभणाने अशी शिवली की पोरीचा पाय वाढला तरी पट्टा तुटेना.

असंच एकदा त्यांना मी मार्केट यार्डात घेऊन गेलो होतो. माझे वडील तिथे हमाल होते. त्या पाठीवरच्या पोत्यांतून माझं कॉलेज झालं आणि आमच्या घराण्यात पदवीचा पहिला कागद मी आणला, हे सांगायला मला कुठेही संकोच वाटत नाही. तर मामा तिथे काही वेळ उभे राहिले आणि वडिलांना म्हणाले, "व्याही, राग मानू नका, पण तुम्ही पूर्ण ताकद लावत नाही." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. वडिलांनी पोतं थप्पीवर टाकलं, टॉवेलने मान पुसली आणि म्हणाले, "पाव्हणं, पयल्याच पोत्याला सगळा जीव लावला, तर दुपारच्या गाडीला काय तुमचा लावू?" मामा विचारात पडले.  घरी आल्यावर जिन्यात म्हणाले, "तुमच्या वडिलांचं पटतंय, आणि तरी ते पूर्ण ताकद लावत नव्हते हेही खरं आहे." यातलं नक्की कुठलं धरायचं ते मला तेव्हाही कळलं नाही.

असा डोळा घेऊन माणूस कुठे जाणार? मामा रेसकोर्सवर जातात. पुण्यातला रेसचा हंगाम सुरू झाला की शनिवार-रविवार ते घरी सापडत नाहीत. पण आजपर्यंत त्यांनी एका घोड्यावर एक रुपया लावलेला नाही. "पैसे लावले की डोळा विकला," असं त्यांचं म्हणणं. जुन्या बाजारातून आणलेली एक दुर्बीण त्यांच्या गळ्यात असते. तिच्या एका भिंगातून जग जवळ दिसतं आणि दुसऱ्यातून नुसतं धुकं, त्यामुळे ती लावताना ते एक डोळा मिटतात आणि लांबून कुणाला तरी खुणावतायत असं वाटतं. सगळं स्टँड पहिल्या घोड्यासाठी ओरडत असताना मामा एकटे चौथ्याकडे बघत असतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा म्हणालो, "मामा, जिंकला तो तिकडे." ते म्हणाले, "तो आला ना? मग त्याचं काय बघायचं? ज्याला येता येत होतं आणि आला नाही, तो बघा."

त्यांनी समजावलं ते असं. घोडा चांगला असतो, पण आज त्याला जिंकू द्यायचं नसतं. जॉकी लगाम दोन बोटं मागे घेतो. लांबून कुणाला दिसत नाही, घोडा हरतो, लोक म्हणतात हा मेलेला घोडा. पुढच्या वेळी त्याच्यावर कुणी पैसे लावत नाही, त्यामुळे त्याचा भाव चढतो, म्हणजे जिंकला तर रुपयाला जास्त रुपये मिळतात, आणि ज्यांना आतलं ठाऊक असतं ते तेव्हा लावतात आणि घोडा सोडतात. "म्हणून पायांकडे बघायचं नाही," मामा म्हणाले, "घोडा खोटं बोलत नाही. हातांकडे बघायचं." त्यानंतर सहा हंगाम मी त्यांच्या शेजारी बसून हात बघितले. मला कधी सगळेच हात मागे येताना दिसले, कधी एकही नाही.

रेस संपली की मामांची तक्रार तयार. ते बोलायचे आणि मी इंग्रजीत लिहायचो, कारण रेसच्या पंचांना इंग्रजीतच लिहावं अशी त्यांची समजूत, आणि जावई पदवीधर. खरं सांगतो, मला ते आवडायचं. आमच्या वडिलांना माझ्या इंग्रजीचा उपयोग गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचण्यापुरता; इथे मात्र मला पूर्ण पान मिळायचं. पत्रं जायची, उत्तर कधी आलं नाही. त्यामुळे माझी भाषा हळूहळू मोकाट सुटली.

मग गेल्या हंगामात सात नंबरची तांबूस घोडी आली. कपाळावर पांढरा ठिपका, वर चाळिशीचा एक जॉकी, जो मोठ्या रेसमध्ये कधी दिसत नाही. शेवटच्या सरळ पट्ट्यात घोडी सगळ्यांच्या पुढे होती आणि त्याचे हात मागे आले. हे मलाही दिसलं, उघड्या डोळ्यांनी. तीन घोडे तिला मागे टाकून गेले आणि ती चौथी आली. लोकांनी शिव्या घातल्या. मामांनी दुर्बीण खाली घेतली आणि हळूच म्हणाले, "खेचली." त्या संध्याकाळी पत्र लिहिताना मी डिक्शनरीतून एक वजनदार शब्द काढला, ज्याचा अर्थ संगनमताने. मामांनी विचारलं, "म्हणजे काय?" मी म्हणालो, "म्हणजे ठरवून, इतरांशी मिळून." ते म्हणाले, "बरं. पत्र भारदस्त झालं पाहिजे."

आणि या पत्राला उत्तर आलं. त्या घोडीची चौकशी तशीही चालू होती, तुम्ही काय पाहिलंत ते गुरुवारी अकरा वाजता रेसकोर्सच्या ऑफिसात येऊन सांगा. आरोप खरा ठरला तर जॉकीचं लायसन जाणार, हे आम्हाला तिथे गेल्यावर शिपायाने सांगितलं. मामा निवृत्तीच्या दिवशीचा कोट घालून आले होते. दाराबाहेर एकच बाक होतं आणि त्यावर तो जॉकी बसला होता. जवळून तो शाळकरी पोराएवढा दिसत होता, फक्त चेहऱ्याला सुरकुत्या. दुसरी जागाच नव्हती, म्हणून आम्ही त्याच्या शेजारी बसलो.

"काका, पत्र तुम्ही लिहिलं काय?" त्याने विचारलं.

मामा म्हणाले, "मी सांगितलं. लिहिलं यांनी." मी टोपी नसतानाही टोपी सारखी केली.

"तिच्या पुढच्या डाव्या पायात काहीतरी झालं," तो म्हणाला. "लगामातून हाताला कळतं. ती येडी आहे काका, स्वतःहून थांबत नाही, पाय मोडेपर्यंत पळेल. मीच थांबवली."

"डॉक्टरने तपासलं असेल की."

"तपासलं. काही सापडलं नाही."

"मग?"

"मग काय? मला तसं वाटलं."

"नुसतं वाटलं?" मामांचा तपासणी खात्यातला आवाज आला.

तो चिडला नाही. "तुम्हालापण तिकडे लांबून वाटलंच ना, काका?"

 आत बोलावणं आलं तेव्हा मामा बाकाला धरून उठले. टेबलामागे तीन पंच होते. एकाने मराठीतच विचारलं, "आपण काय पाहिलंत?"

"त्याचे हात मागे आले."

"पत्रात तर संगनमताने असं म्हटलंय."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "तो शब्द जावईबापूंचा आहे. मी फक्त हात पाहिले."

"घोडीला दुखलं म्हणून त्याने थांबवली असेल का?"

मी मामांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. जन्मभर शंका आली की बाजूला ठेवणारा माणूस. बाजूला ठेवायचा नग आता बाहेर बाकावर बसला होता, आणि मामांच्या एका शब्दाने त्याची भाकरी जाणार होती. कोटाच्या बाहीवरचा धागा त्यांनी बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला.

"असेल," ते म्हणाले. "हात मागे आले हे मी मागे घेत नाही. बाकीचं घेतो."

जॉकीला ताकीद देऊन सोडलं. महिन्याभराने तीच घोडी, तोच जॉकी, पुन्हा उतरले. तिच्यावर कुणी पैसे लावत नव्हतं, भाव आभाळाला. सरळ पट्ट्यात ती आली आणि बाकीचे घोडे उभे राहिलेत की काय असं वाटावं इतकी पुढे निघून गेली. स्टँडमध्ये शिट्ट्या. चौकशीची हकीकत कळलेला मागच्या बाकावरचा एक नेहमीचा गडी ओरडला, "काय सीआयडी काका, तुमच्या डोळ्यांदेखत दाबली होती, आज काढली! सोडवलंत कुणाला?" लोक हसले. मामा दुर्बीण डोळ्याला लावून तसेच बसले, रेस संपून कितीतरी वेळ झाला तरी. घोडी परत येताना रेलिंगजवळून गेली. जॉकीने मामांना बघितलं आणि टोपीला हात लावला. आभार मानले की टिंगल केली, देव जाणे. 

"पाय बरा झाला असेल," मामा मला म्हणाले, "की मग..." त्यांनी दुर्बीण डोळ्यावरून खाली घेतली. "तुम्ही शिकलेले आहात, सांगा काय ते." इतक्या वर्षांत त्यांनी मला कुठल्याच बाबतीत मत विचारलेलं नव्हतं. मी मनात दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. पाय दुखावला असता तरी हेच झालं असतं, आणि ठरवून खेचली असती तरी अगदी हेच, तसूभर फरक नाही. कॉलेजच्या तीन वर्षांत असा प्रश्न कुणी घातला नव्हता. मी म्हणालो, "मामा, मला कळत नाही." त्यांनी मान हलवली, जणू हेच उत्तर त्यांचंही होतं.

मग ते स्कूटरवर माझ्या मागे बसले. येरवड्याच्या पुलावर गाड्या तुंबल्या तेव्हा माझ्या खांद्याशी वाकून त्यांनी विचारलं, "जावईबापू, पळताना दिसत कशी होती हो ती? मी आपला हातच बघत राहिलो."

आता मी काय सांगणार होतो? मीही हातच बघत बसलो होतो. आम्ही दोघं समोर असून ती घोडी पळते कशी ते आमच्यापैकी कुणीच पाहिलं नव्हतं.

"काय सुंदर पळाली, मामा," मी म्हणालो. "वाऱ्यासारखी."

आरशात मला त्यांचा डोळा दिसला. वाढप्याकडे, बँडवाल्याकडे, जगातल्या प्रत्येक माणसाकडे रोखतात तसा तो क्षणभर माझ्यावर रोखला गेला, आणि मग त्यांनी नजर नदीकडे वळवली. पुढची गाडी सरकली, तशी मीही स्कूटर काढली.