वाडग्याच्या बुडाचा अंगठा

आमच्या कार्यानुभवाच्या सरांचा या जगात कशावरच विश्वास नव्हता, आणि चुकून ज्यावर होता त्याची ते आठवड्यातून एकदा खातरजमा करून घेत. मी शिरूरला डी.एड. करत होते तेव्हाची, म्हणजे रांजणगावच्या माळावर नुकते कुठे कारखाने उठू लागले होते तेव्हाची ही गोष्ट. सकाळी फाटकात "नमस्कार सर" म्हणावं, तर सर थबकून विचारत, "का? काय काम काढलंस?" सायकलला नुसतं कुलूप लावून त्यांचं समाधान होत नसे. पुढच्या चाकाची व्हॉल्व्हट्यूब काढून ते खिशात घालत, आणि संध्याकाळी ती कुठल्या खिशात घातली हे विसरून आमच्याकडे रोखून बघत. घरी दोन कालदर्शिका होत्या. एकीतली एकादशी दुसरीशी ताडून पाहिल्याशिवाय ते उपास धरत नसत. एकदा दौंडच्या एसटीत मी त्यांच्या मागच्याच बाकावर होते. पाटी वाचून चढलेल्या सरांनी तरी तिघांना विचारलं, "ही गाडी दौंडलाच जाते ना?" तिघेही हो म्हणाले. तेव्हा सर मागे वळून मला हळूच म्हणाले, "तिघं एकच सांगतायत. काहीतरी गडबड आहे."

त्यांचं अगदीच चुकत होतं असंही नाही. कार्यानुभवाची वस्तू बाजारातून आणून स्वतःची म्हणून खपवायची, ही आमच्या विद्यालयाची जुनी परंपरा होती. आदल्या वर्षी एका मुलीने 'स्वहस्ते शिवलेली' पिशवी दिली, तिच्या आत दुकानाचं लेबल तसंच होतं. सर मूळचे शिवणकामाचे, टेप कायम गळ्यात, त्यामुळे हा घाव त्यांच्या फार वर्मी बसला. आमच्या वर्षी त्यांच्याकडे मातकाम आलं आणि त्यांनी नवीनच कायदा काढला. प्रत्येकाने मातीचा एक वाडगा करायचा, ओला असतानाच त्याच्या बुडाला सरांच्या देखत अंगठा दाबायचा. वाडगे कुंभारआळीतल्या आबांच्या भट्टीतून भाजून आले, की ज्याचा त्याचा अंगठा ज्याच्या त्याच्या खळग्यात बसवून बघायचा. बसला तर पास.

मला पास होणं भागच होतं. आमच्या आप्पांचा जन्म मेंढरांमागे गेला, आता कुठे यवतजवळ शेतीत स्थिरावले होते, आणि घरात बारावीपुढे गेलेली मी पहिलीच. "येका जरी इषयात गेलीस, तर वह्यापुस्तकं घिऊन घरी यायचं," असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. म्हणून रोज दुपारी मी आबांच्या अंगणात बसायची. मातीच्या वळ्या करून एकावर एक चढवायच्या, सांधे ओल्या बोटाने पुसून घ्यायचे. पहिले सात वाडगे कलले, तडकले, एक तर बघता बघता खाली बसला. सर ते उलटेसुलटे करून बघत आणि म्हणत, "हे तुझेच. यात शंका नाही." दोन वर्षांत त्यांनी माझ्यावर ठेवलेला तेवढाच विश्वास.

आठवा मात्र उभा राहिला. तळहातात अलगद बसणारा, काठाशी जरासा वाकडा. तो भाजून आला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी दोनदा त्यातून पाणी प्याले. दुसऱ्या दिवशी हजेरीप्रमाणे पहिलं नाव माझं आलं. मी अंगठा ठेवला, आणि तो खळग्यात बसेना. सरांनी टेप लावली. "हा अंगठा लहान मुलाचा आहे. कुणाकडून करून आणलास?" माझ्या डोळ्यांपुढे आप्पा आणि वह्यापुस्तकं. मग दुसरा, तिसरा, करता करता छत्तीसच्या छत्तीस अंगठे मोठे निघाले. सर पांढरेफटक पडले. "सगळा वर्ग सामील आहे! आणि तो कुंभारही!"

त्याच पावली त्यांनी आबांना गाठलं, मागोमाग आम्ही. आबा माती तुडवत होते, तसेच तुडवत राहिले. "सर, तुमी शिवणाचं मास्तर न्हवं? कापड धुतल्यावर आटतं का न्हाई? तशी माती बी आटती. सुकताना आन् भाजताना. आमच्यात हे शेंबड्या पोराला बी ठावं हाय."

"हे मी कशावरून खरं मानू?"

"नका मानू. बसा, करा येक वाडगा."

आणि सर बसले! पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, टेप गळ्यात तशीच ठेवून. वाडगा असा झाला की त्याच्यापुढे माझा पहिलासुद्धा देखणा म्हणावा. सरांनी बुडाला आपला जाडजूड अंगठा दाबला आणि वाडगा सुकेपर्यंत तो घरी कपाटात कुलूपबंद ठेवला. भट्टी लावली त्या दिवशी कुणी अदलाबदल करू नये म्हणून उशी घेऊन ते समोर ठाण मांडून बसले. भट्टी निवली. सरांनी वाडगा उपडा केला, अंगठा ठेवला. बसेना. पुन्हा ठेवला, फिरवून ठेवला. मग बराच वेळ ते स्वतःच्या अंगठ्याकडेच संशयाने बघत राहिले.

"आटली," ते शेवटी म्हणाले. आम्ही छत्तीसही पास झालो. तो वाडगा त्यांनी माझ्या हातात दिला. "तुझ्यावर पहिला आळ घेतला, म्हणून तुला. फुटला तर फुटला म्हणून सांगायचं. दुसरा आणून दाखवायचा नाही."

आज मी कारेगावच्या शाळेत शिकवते. माझा आठवा वाडगा घर बदलताना फुटला. सरांचा वेडाविद्रा अजून आहे, त्यात खडू ठेवते. गेल्या उन्हाळ्यात सर गेले. निरोप आला तेव्हा मी सांगणाऱ्याला दोनदा विचारलं, "नक्की ना?" ही सवय त्यांचीच. मग खडू काढून तो वाडगा उपडा केला आणि सहज त्या खळग्यात अंगठा ठेवला. सरांचा तो भला मोठा अंगठा आटून आटून तेवढाच उरला होता. माझा त्यात बरोबर बसला. मला फार रडू आलं. समोर सर असते, तर टेप काढून म्हणाले असते, "हा वाडगा तूच केलास की काय?"